मालकांचे अहो

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकाच जीवाला ‘अहो’ म्हटलं, आणि तो जीव त्यांचा कुत्रा होता.

बाकी सगळ्या जगाला ते ‘अरे’ म्हणत. नगरसेवक आला तरी अरे, विजेचं मीटर बघायला कोणी आलं तरी अरे. सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही, ‘आवर रं लवकर, मानसा भुकेली हायत.’ त्यात उद्धटपणा नव्हता. त्यांच्या आगरी बोलीत माणसामाणसांत तेवढं अंतर ठेवायची सोयच नव्हती. डोंबिवलीच्या पूर्वेला, रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं जुनं गाव होतं. भाताची शेतं जाऊन तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या बेचक्यात मालकांचं कौलारू घर. घरामागे त्यांनी खोल्यांची एक रांग बांधलेली. मी तेव्हा वागळे इस्टेटला एका पॅकिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. लग्न होऊन काही महिने झालेले. त्या रांगेतली शेवटची खोली आम्ही भाड्याने घेतली आणि सात-आठ वर्षं तिथेच राहिलो.

कुत्र्याच्या नावाला आम्हीच कारण झालो. आमच्या आधी त्या खोलीत एक जोडपं राहायचं. त्यांनी हौसेनं पिल्लू आणलं, काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं आणि खोली सोडताना पिल्लू तिथेच सोडून गेले. मालकांनी त्याला मोती म्हणून पाहिलं, वाघ्या म्हणून पाहिलं, टायगरही म्हणून झालं. ते मान वर करायचं नाही. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी अंगणात टेम्पोतून सामान उतरवत होतो. बायकोनं आतून हाक मारली, “अहो, शेगडी कुठे ठेवलीत?” आणि ते पिल्लू अंगणाच्या त्या टोकापासून कान पाडून धावत आमच्या दारात आलं.

आधीच्या बाई दिवसभर नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असणार. पिल्लाची समजूत झाली की या घरात हाक मारतात ती आपल्याला.

मालक ओट्यावरून बघत होते. ते उठले, दोन पावलं पुढे आले आणि घसा खाकरून म्हणाले, “अहो.” पिल्लू वळलं. मालक एवढे खूश झाले की त्यांनी आमचं कपाट स्वतः एका बाजूने उचललं. “सापरला. नाव सापरला ह्याचा.” त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, सापडला म्हणायचं होतं.

मग एक अडचण आली, ती व्याकरणाची. ‘अहो’ म्हटल्यावर पुढे ‘ये’ म्हणता येईना. मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, “बोलून बग तू. अहो, ये. जीभ अरकते रं.” त्यामुळे ‘अहो, या’ झालं. ‘अहो, बसा’ झालं. ‘अहो, गटारात तोंड नका घालू, परवाच न्हालाव’ हेही आम्ही रोज ऐकायचो. नगरसेवकाला ‘बस रं’ म्हणणारे मालक कुत्र्याला ‘सरका जरा’ म्हणत. गावात त्यांची टिंगल व्हायची, पण त्यांना ते समजतच नव्हतं. नाव आहे ते, नावाने हाक मारायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

पंचाईत झाली ती खोल्यांमधल्या बायकांची. कोणी नवऱ्याला हाक मारली की आधी कुत्रा हजर. शेजारच्या वहिनी माझ्या बायकोला म्हणायच्या, “तुमचे मोठे अहो यायला वेळ आहे, धाकटे आलेत बघा.” माझी बायको अंगणात मला ‘ऐकलंत का’ म्हणायला लागली, ती सवय तिची अजून गेलेली नाही.

खरं सांगायचं तर मला कुत्री आवडत नव्हती. त्याने माझा एक बूट नेला, एकच. वाळत घातलेली चादर अंगणभर फिरवली. मी कामावर निघालो की भर रस्त्यापर्यंत मागे यायचा आणि मला परत यावं लागायचं. मी चिडून एकदा ‘हाड’ म्हणालो. ओट्यावर नारळ सोलत बसलेल्या मालकांनी कोयता खाली ठेवला. “तो शबूद तुझ्या खोलीत बोल. ह्या अंगनात नाय.” त्या अंगणात तो शब्द मी पुन्हा कोणाच्याच तोंडून ऐकला नाही.

मालकांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी कधी पाहिला नाही. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर बसून ते त्याच्या कानामागचे, पंजांमधले गोचीड काढत, एकेक करून रॉकेलच्या डब्यात टाकत. कुत्रा पाय वर करून पडलेला असायचा. बोलणं काही नाही. आधी तांदळाच्या भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे, मग स्वतःच्या तोंडात. सुकट असेल तर दोघांना सुकट. गुरुवारी मालक मासळी खात नसत, तर कुत्र्यालाही वरणभात. मी म्हणालो, “मालक, त्याला कशाला उपास?” ते म्हणाले, “मी नुसता वरन खाताना ते समोर बसून बोंबील खातील? त्यांना बरा वाटल का?” कुत्र्याला खरंच वाईट वाटत असेल की काय, असं मला क्षणभर वाटून गेलं. मालकीणबाई कधीच वारलेल्या होत्या. घरात एक मुलगा, तो दिवसभर बाहेर. त्या ओट्यावर एकमेकांना विचारून जेवणारे ते दोघंच होते.

मुलाच्या हळदीच्या दिवशी जे झालं, ते मी जवळून पाहिलं. जवळून म्हणजे माझ्या मोरीतच झालं.

त्यांच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. संध्याकाळपासून गावच्या रस्त्यावर डीजे लागलेला, भिंती हादरत होत्या. आमची खोली सगळ्यात मागे. दार वाजलं म्हणून उघडलं, तर नवा पांढरा सदरा घातलेले मालक कुत्र्याला पोटाशी धरून उभे. “मोरी दे जरा.” आत गेले, दार लावून घेतलं आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजाने बाहेरचा आवाज जरा मरतो, हे त्यांनी दिवाळीच्या फटाक्यांत शोधून काढलेलं होतं.

बऱ्याच वेळाने मुलगा आला. अंगभर हळद, डोळे लाल. आमच्या खोलीतून तो सरळ मोरीपाशी गेला आणि दार ढकललं. मालक पालथ्या बादलीवर बसलेले, मांडीवर कुत्रा थरथरतोय, सदरा भिजलेला. नुसत्या पाण्याने नव्हे, वास येत होता.

“बाबा, धवलारीन कवाची खोलंबून बसलीय,” मुलगा म्हणाला. धवलारीण म्हणजे त्यांच्यात लग्नाची गाणी म्हणते ती बाई. “देवाला मान द्यायला बाप पायजे. सगले इचारतान, बाप कुठं हाय.”

“येतो. ह्यांचा अंग कापायचा थांबू दे.”

“हलद माझी हाय का या कुत्र्याची?”

मालक शांतपणे म्हणाले, “तुना ठाव हाय तो आवाज कसला हाय. ह्यांना कोन सांगल?”

मुलगा वळला आणि जाताना मला म्हणाला, “तुम्ही तरी समजवायचं होतं, दादा.” मी म्हणालो, “मी काय बोलणार यात.” हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडतं.

शेवटी देवाला मान चुलत्याने दिला. मालक पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. नातेवाइकांनी पुढची कित्येक वर्षं ती गोष्ट चघळली. मुलगा वडिलांशी भांडला नाही, पण त्या दिवसापासून त्याने कुत्र्याकडे बघणं सोडलं. समोर बसलेला असला तर वळसा घालून जायचा.

पुढे आम्ही कल्याणला, मोहन्याच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मालकांचे फोन यायचे. “ये कदी तरी. हे आठवन कारतान तुझी.” मी म्हणायचो, येतो एखाद्या रविवारी. दोन-तीनदा गेलोही. एकदा गेलो तर घरच नव्हतं. मुलाने ते पाडून टॉवरचं काम सुरू केलं होतं आणि सगळे जवळच्या एका इमारतीत भाड्याने राहत होते. आयुष्यभर भाडेकरू ठेवलेले मालक भाडेकरू झालेले बघून मला कसंसंच झालं. कुत्रा बाल्कनीत, जाळीला नाक लावून. मालक दार उघडून तिथेच खुर्ची टाकून बसलेले. सुनेला घरात केस चालत नव्हते आणि मला तिचंही चूक वाटलं नाही.

मग मालकांच्या किडन्या गेल्या. आधी आठवड्यातून दोनदा डायलिसिस, नंतर कल्याणच्या एका हॉस्पिटलात ठेवूनच घेतलं. माझ्या घराच्या वाटेवर होतं, म्हणून कामावरून येताना मी जायचो. एवढा आडदांड माणूस, गादीत दिसेनासा झालेला.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं. “माझा सोर. ह्यांचा कोन बगल रं?”

मी म्हणालो, “बघतो मी. तुम्ही आराम करा.”

आपल्यात ‘बघतो’ म्हणजे काय, ते मी सांगायला नको. वर्गणीवाल्याला आपण बघतो म्हणतो, विम्याच्या एजंटला बघतो म्हणतो. लग्नाला चार दिवस आधी या म्हणणाऱ्या मावशीला बघतो म्हणतो. नाही म्हणायचं नसतं, म्हणून बघतो. पण कुत्र्याचं कोण बघेल, असं कोणी विचारलं आणि आपण ‘बघतो मी’ म्हणालो, तर त्याचा अर्थ सरळ दुसराच होतो. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मालक शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, “हा बगनार हाय. माझा जुना भारोत्री. लय चांगला मानूस.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मालक, मला तसं म्हणायचं नव्हतं. तिसरा मजला आहे, बायकोला दम्याचा त्रास आहे. मी नाही बोललो. त्यांची मनगटावरची बोटं सैल झाली होती, चेहरा उतरला होता तो जरा सावरला होता. बरे होऊन घरी गेले की सांगू, असं मी ठरवलं.

पुढच्या प्रत्येक भेटीत ते मला काहीतरी सांगायचे. उजव्या कानाला हात लावू देत नाहीत. केळं आवडतं, पण साल दाखवायची नाही, सालीला घाबरतात. पावसाळ्यात मागचा पाय धरतो. आणि सांगून झालं की माझ्याकडे बघत राहायचे. मी मान हलवायचो. मग, निघू का, म्हणायचो.

ते घरी गेलेच नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा आमच्या दारात उभा. हातात साखळी, एक मळकी गोधडी आणि ताट. “बाबांनी सगळ्यांना सांगितलेलं, तुम्ही नेणार म्हणून. काका, आत्या, सगळ्यांना. आता मी कोणाला काय बोलणार.” कुत्रा तीन मजले चढून आल्याने धापा टाकत होता. तोंडावरचे केस पांढरे झालेले. त्याने मला हुंगलं आणि माझ्या पायावर अंग टाकून दिलं.

मुलगा गेल्यावर बायकोनं विचारलं, “आपण कधी म्हणालो होतो?”

“मी बघतो म्हणालेलो.”

तिला सगळं समजलं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झालीत, ‘बघतो’चा अर्थ तिच्याइतका कोणाला माहीत असणार. “वा,” ती म्हणाली, “सख्ख्या भावाला गावच्या जत्रेला दहा वर्षं बघतो म्हणताय. तो अजून वाट बघतोय. आणि इथे थेट दारात.”

तेव्हापासून वर्ष झालं. म्हाताऱ्या कुत्र्याबरोबर राहणं म्हणजे काय, ते मला आता समजलंय. बायकोच्या दम्यासाठी रोज दोनदा ओल्या फडक्याने घर पुसतो, तरी आमटीत केस सापडतो. मागचे पाय चालत नाहीत, म्हणून पोटाखालून पंचा घालून त्याला जिन्याने उतरवावं लागतं, आणि कधी दुसऱ्या मजल्यावरच होऊन जातं. मग मी बादली घेऊन येतो. तिथल्या बाई दार उघडून म्हणतात, “पुण्य लागेल हो तुम्हांला,” आणि दार जोरात लावतात. सोसायटीच्या मीटिंगला आमचा विषय निघतो. बायकोनं पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं, “मी त्याला हात लावणार नाही.” ती खरंच लावत नाही. पण सकाळी गॅलरीत ऊन आलं की गोधडी ओढून उन्हात आणून टाकते, ऊन सरकलं की गोधडी सरकवते. त्याला दिसतं कमी, ऐकू तर आता येतच नाही. फटाक्यांच्या दिवाळीत तो आमच्यात एकटाच शांत झोपला होता.

सुखाचंही सांगायला हवं. मी जमिनीवर बसून पेपर वाचायला लागलो की ते सरकत येऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसतात. हो, मीही आता ‘ते’ म्हणायला लागलोय, जीभ अडकते. तो भार, ती ऊब, मधूनच एक मोठा श्वास. त्या वेळेपुरतं मला कोणाचं काही देणं नसल्यासारखं वाटतं.

लोक म्हणतात, मालकांसाठी तुम्ही केवढं केलंत. मला लाज वाटते. न दिलेल्या शब्दाबद्दल कौतुक होतंय माझं. मनाला समजावायला एकच गोष्ट होती. चुकून का होईना, माझ्या तोंडून निघालेल्या शब्दावर तो माणूस निश्चिंत होऊन गेला. एवढं तरी माझ्या हातून झालं.

मागच्या महिन्यात मालकांचं वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी मुलगा प्रसादाचा डबा घेऊन आला. कुत्रा भिंतीशी झोपलेला, मुलगा त्याच्याकडे बघत होता. वळसा न घालता त्याच्याकडे सरळ बघताना मी त्याला हळदीनंतर प्रथमच पाहत होतो.

“दादा, एक बोलू? बाबांना म्हाईत होतं.”

“काय?”

“तुम्ही बघतो बोललात ते. त्याच दिवशी मला बोलले, तो ‘नाय’ बोललाय.” त्याने वडिलांचा आवाज काढला, नकळत काढला असावा. “‘बगतो म्हंजी नाय. भारोत्री बोंबलायचं, मालक भिंतीला ओल आलीय, कौल फुटलाय, मी काय बोलायचू? बगतो. मना म्हाईत नाय का बगतो म्हंजी काय? पन त्याला तोंडावर नाय बोलता येत नाय. तुमी सगल्यांना सांगा तो नेनार हाय. चार मानसांत नाव झाला का तो सुटायचा नाय.’”

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती.

“म्हणजे ते निश्चिंत नव्हते,” मी म्हणालो.

“कसले निश्चिंत. तुम्ही भेटून गेलात का, रोज मला विचारायचे, आज काय बोलला रं? हो बोलला? मी बोलायचो, मला काय बोलले नाय. शेवटच्या दिवशी पण तेच. नेल ना रं तो?”

केळ्याची साल. उजवा कान. मागचा पाय. प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहायचे, ते कशासाठी, ते मला त्या क्षणी समजलं. त्यांना एक अक्षर हवं होतं. मी मान हलवत होतो आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मुलाने साखळीकडे हात केला. “टॉवरचा ताबा मिळालाय आता. आमची तळमजल्याला पण एक खोली आहे. तुम्हांला जिना चढउतार होतो, वहिनींना त्रास आहे. बाबा तर गेले. मी नेतो पाहिजे तर. मला... मला चालेल.”

खाली खोली, जिना नाही, दारात माती. कुत्र्यासाठीही ते वाईट नव्हतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “राहू देत इथेच.”

आवाज जरा मोठा झाला असावा. मुलगा दचकला. मग त्याने मान डोलावली, खाली वाकला, कुत्र्याच्या पाठीवर एकदाच बोटांनी खाजवलं आणि उठला.

त्या स्पर्शाने ते जागे झाले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, कानांना ऐकू येत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. मुलाच्या अंगाला त्या घराचा वास असणार, कदाचित वडिलांसारखाच. तो दाराबाहेर पडेपर्यंत हे फरफटत उंबऱ्याशी पोचले होते. त्याच्या चपला जिथे होत्या त्या फरशीवर नाक टेकून पडून राहिले, आणि शेपटी, जी मी कित्येक महिन्यांत हललेली पाहिली नव्हती, हळूहळू हलायला लागली. मुलगा जिना उतरून गेला, त्याची गाडी सुरू झाली, गेली. शेपटी हलतच होती.

बायको ताट घेऊन आली आणि तिथेच उंबऱ्याशी ठेवलं. त्यांनी तोंड लावलं नाही. मी शेजारी जमिनीवर बसलो. बायको म्हणाली, “दार लावू का? डास येतील.”

मी म्हणालो, “नको. त्यांचं होऊ दे.”